समारोपानंतरचा पंधरवडा

शिबिराचा शेवटचा तास कसा जातो, हे सामाजिक कामात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जेवणाला उशीर झालेला असतो. दोघं-तिघं मनोगत व्यक्त करतात, एखादी ताई बोलता बोलता गहिवरते, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं दिली जातात, आभारप्रदर्शन होतं आणि पाचची एसटी चुकू नये म्हणून निम्मी मंडळी पिशव्या खांद्याला अडकवूनच फोटोला उभी राहतात. कुणीतरी व्हॉट्सॲपचा गट काढतं. रात्री उशिरापर्यंत त्यावर फोटो येत राहतात. महिनाभराने पाहावं, तर तिथे शुभ सकाळ आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एवढंच उरलेलं असतं.

मग संयोजकांच्या बैठकीत ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "लोकांना गांभीर्यच नाही." मला हे निदान चुकीचं वाटतं. तीन दिवस मजुरी बुडवून, घरच्यांची बोलणी खाऊन, पोराला शेजारणीकडे ठेवून जी बाई शिबिराला आली, तिच्याकडे गांभीर्याची कमतरता नव्हती. घरी परतल्यावर अमुक दिवशी अमुक माणूस आपली वाट पाहणार आहे, आपण काय केलं ते विचारणार आहे, अशी काहीही सोय तिच्यासाठी नव्हती. शिबिराचं नियोजन समारोपाच्या टाळ्यांपाशी संपलं होतं.

विसरण्यापासूनच सुरुवात करू. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या लांब याद्या तो पाठ करायचा आणि काही वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात हे मोजायचा. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त ओसरायचं. एका दिवसानंतर जेमतेम तिसरा हिस्सा उरायचा. पुढे मात्र घसरण मंदावायची आणि महिन्यानंतरही सुमारे पाचवा हिस्सा टिकून असायचा. शिबिरात शिकवलेलं अर्थहीन नसतं, त्यामुळे हे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण घसरणीचा आकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सगळ्यात मोठी गळती अगदी सुरुवातीला होते. त्यामुळे सहा महिन्यांनी घेतलेल्या उजळणी वर्गापेक्षा पहिल्या पंधरवड्यातली एक भेट जास्त कामाची ठरते.

पण आठवण हे दुय्यम कारण. माणूस गळतो तो बहुतेक वेळा पहिल्या अपयशापाशी. सांडपाण्याच्या शोषखड्ड्याचं उदाहरण घ्या. नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर पोहोचलेल्या खड्ड्यात मधोमध छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात आणि तिच्याभोवती दगड भरतात. मोरीतून येणारे केस, भाताची शितं, साबणाचा गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचं पाणी छिद्रांतून बाहेर पडून जमिनीत मुरतं. प्रशिक्षणात हे सगळं व्यवस्थित दाखवतात. घरी गेल्यावर टाकीचा खर्च नको म्हणून एखादा माणूस नुसता खड्डा खणतो आणि दगडांनी भरून टाकतो. थोड्याच दिवसांत गाळ दगडांच्या फटीत बसतो, खड्डा तुंबतो, अंगणात डबकं साचतं. शेजारी हसतात. चूक कुठे झाली हे त्याच वेळी सांगणारं कुणी आलं, तर दगड काढून टाकी बसवणं हे एका दिवसाचं काम आहे. कुणी आलं नाही, तर "हे आपल्याकडे चालत नाही" असा निकाल लागतो आणि तो गावभर पसरतो. अशा गावात दुसरं शिबिर भरवणं पहिल्यापेक्षा अवघड जातं.

शिबिरानंतर माणसं टिकतात कशी, हे पाहायचं तर महाराष्ट्रातलं जामखेड हे मला सर्वांत मोठं उदाहरण वाटतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला गावोगाव शिकलेल्या परिचारिका नेमून पाहिल्या, पण बाहेरून आलेल्या या मुली खेड्यात रुळेनात. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचं ठरलं. यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित समाजातल्या होत्या. बाळंतपण, हगवण, ताप, बाळाचं वजन, कुटुंबनियोजन हे सगळं त्यांना शिकायचं होतं.

आरोळ्यांनी केलेली मोठी गोष्ट अशी, की हे प्रशिक्षण त्यांनी संपवलंच नाही. या ग्राम आरोग्य सेविका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या आणि परत जायच्या. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं. आठवडाभरात गावात काय घडलं ते आधी सांगायचं, अडलेलं विचारायचं, मग एखादी नवी गोष्ट शिकायची. एकीने सांगितलेली अडचण दुसरीने आधीच सोडवलेली असायची. त्यामुळे डॉक्टरांइतकंच त्या एकमेकींकडून शिकत गेल्या आणि पुढे त्यांच्यातल्याच जुन्या बायका नव्यांना शिकवू लागल्या.

मुक्कामाची रात्र मला फार महत्त्वाची वाटते. निरनिराळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवायच्या आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली शेजारी शेजारी झोपायच्या. आरोळ्यांनी ते पांघरूण मुद्दाम एकच ठेवलं होतं. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळी खेड्यात याचा अर्थ काय होता, ते वेगळं सांगायला नको. दिव्याखाली सुरू झालेल्या गप्पांत नवऱ्याचा मार निघायचा, सासू निघायची, गावातल्या पुढाऱ्याने केलेला अपमान निघायचा. दुसऱ्या दिवशी गावी परतणारी बाई नवी माहिती घेऊन जायचीच, शिवाय पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणाऱ्या मैत्रिणीही तिच्या पाठीशी असायच्या. टिकून राहण्याचं खरं कारण तिथे होतं, असं मी म्हणेन.

दुसरी बाजू गावातली. प्रकल्पाचं फिरतं पथक गावात जायचं, सेविकेबरोबर घरं पाहायचं. त्यामुळे गावासमोर तिचा शब्द पडत नसे. शेतकऱ्यांची मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली, म्हणजे तिने सांगितलेलं ऐकायला आणि उचलून धरायला गावात माणसं तयार झाली. एकट्यादुकट्या प्रशिक्षित माणसाला गाव लवकर गप्प बसवतं. प्रकल्प सुरू झाला तेव्हा या गावांत हजार जन्मांमागे 176 बालकं वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीसेक वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यातलं बरंच श्रेय त्या न संपलेल्या प्रशिक्षणाला जातं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तिथेही हेच सूत्र दिसतं. 39 गावांतल्या आरोग्यदूत बायकांनी आजारी नवजात बाळ ओळखणं, त्याला ऊब देणं, प्रसंगी इंजेक्शन देणं शिकून घेतलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये हा निबंध आला आणि जगभर गाजला. चर्चा इंजेक्शनची जास्त झाली. पण दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जाऊन आरोग्यदूताच्या नोंदी तपासत होता, चुका तिथल्या तिथे दुरुस्त करत होता, हा भाग माझ्या मते तितकाच मोलाचा आहे.

हीच पद्धत पुढे आशाताईंच्या कामात आली. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जायचं. घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. झोळीचा वजनकाटा, तापमापक आणि छापील फॉर्म तिच्या पिशवीत असतो. हे वेळापत्रक बाळासाठी आखलेलं आहे, हे खरंच. पण प्रशिक्षण घेतलेल्या आशाच्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं? गावात बाळ जन्मलं की पुढच्या सहा आठवड्यांत तिला शिकलेलं सगळं किमान सहा वेळा हाताने करावं लागतं. विसरायला सवडच मिळत नाही. तिचं या विषयांचं प्रशिक्षणही सलग वीस दिवस न घेता पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत आखलं गेलं. मधल्या काळात गावात काम करायचं आणि प्रश्न घेऊन पुढच्या फेरीला यायचं. साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते. ती घरोघरी बरोबर जाते, फॉर्म पाहते, अडलेलं सोडवते. या गटप्रवर्तक बायकांना मानधनासाठी रस्त्यावर उतरावं लागतं, ही आपल्या व्यवस्थेची लाजिरवाणी गोष्ट आहे. संपूर्ण साखळी त्यांच्या पायपिटीवर उभी आहे.

वेळापत्रकाची ताकद पाणी फाउंडेशननेही ओळखली. 2016 साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत त्यांनी वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पुढच्या वर्षी 30 तालुके झाले, 2018 साली 75. गावातल्या निवडक लोकांना पाणलोटाचं निवासी प्रशिक्षण द्यायचं आणि त्यानंतर 45 दिवस गावाने श्रमदान करायचं, अशी रचना होती. 2018 साली स्पर्धा 8 एप्रिलला सुरू झाली आणि 22 मेला संपली. प्रशिक्षणार्थी घरी परतला तेव्हा त्याच्यापुढे "जमेल तेव्हा करू" हा पर्यायच नव्हता. मध्यरात्री काम सुरू करणारी गावं त्या उन्हाळ्यांत महाराष्ट्राने पाहिली. माथ्यावर सलग समतल चर किती खणले, बांध किती घातले हे टेपने मोजता येत होतं. रोज संध्याकाळी दिसणारं, मोजता येणारं काम माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतं.

पण स्पर्धेलाही शेवटची तारीख असते, आणि तिथे तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. चर गाळाने भरतात, पाणी आलं की उसाचा मोह होतो. फाउंडेशनने पुढे समृद्ध गाव स्पर्धा आणि गटशेतीवर आधारित फार्मर कप अशी दिशा घेतली, ती यादृष्टीने मला योग्य वाटते. फार्मर कपमध्ये गट पूर्ण हंगामभर एकत्र राहतो आणि तज्ज्ञांच्या डिजिटल शेतीशाळाही हंगामाबरोबर चालतात.

शेतीशाळेची मूळ कल्पना इंडोनेशियातली. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी तिथे कहर केला होता. भरमसाट फवारण्यांनी त्यांचे नैसर्गिक शत्रूच मारले गेले होते. 1986 साली तिथल्या सरकारने भातावर 57 कीटकनाशकं वापरायला बंदी घातली आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी पूर्ण हंगामभर दर आठवड्याला एका सकाळी शेतात जमायचे. छोट्या गटांनी रोपं न्याहाळायची, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, मोठ्या कागदावर रंगीत खडूने पिकाचं चित्र काढायचं आणि या आठवड्यात फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पेरणीपासून कापणीपर्यंत शाळा चालत असल्यामुळे "प्रशिक्षणानंतर काय" हा प्रश्न निदान एक हंगाम तरी पडतच नाही. आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळाही याच घराण्यातल्या. जिथे कृषी सहायक खरोखर ठरल्या दिवशी बांधावर जातो, तिथे त्या चालतात.

याच इंडोनेशियातल्या शाळांबद्दल 2004 साली जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी एक अप्रिय निष्कर्ष मांडला. शाळेत गेलेल्यांकडून शेजारच्या शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान फारसं झिरपलं नव्हतं, आणि उत्पन्नात किंवा कीटकनाशकांच्या वापरातही लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. या निष्कर्षावर वाद झाले. तरी "एकाला शिकवा, तो दहांना शिकवेल" हे आपण प्रस्तावात बिनदिक्कत लिहितो, तेव्हा तो अभ्यास आठवायला हवा. स्वतः करून पाहणं आणि दुसऱ्याला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी वेगळी तयारी, वेगळा वेळ आणि अनेकदा वेगळं मानधन लागतं.

आता शिबिराच्या त्या शेवटच्या तासाकडे परत जाऊ, कारण तिथे बरंच करता येतं. पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकारी ब्रँडश्टेटर यांनी जर्मनीत विद्यार्थ्यांना एक काम दिलं होतं: नाताळची संध्याकाळ कशी घालवली, याचा वृत्तान्त दोन दिवसांत लिहून पाठवा. निम्म्या मुलांना तो केव्हा आणि कुठे बसून लिहिणार, हे आधीच ठरवून लिहायला सांगितलं. ठरवणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी वेळेत लिहिलं. इतरांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी. फरक पडला तो दोन ओळींनी.

म्हणून मनोगतांची संख्या कमी करावी आणि त्या वेळात प्रत्येकाकडून एक छोटी गोष्ट पक्की करून घ्यावी. "मी गावात जनजागृती करेन" हे चालणार नाही. "येत्या रविवारी सकाळी आठ वाजता माझ्या घरामागे खड्डा खणायला घेईन, दीर आणि शेजारच्या काकू मदतीला असतील" हे चालेल. शेजारच्या गावच्या कुणाशी जोडी लावावी, एकमेकांचे नंबर तिथेच घ्यावेत, आणि सोमवारी कोण कुणाला फोन करणार तेही ठरवावं. पहिल्या भेटीची तारीख फळ्यावर लिहिलेली असावी. काम इतकं लहान असावं, की पंधरा दिवसांत ते पुरं होईल आणि दिसेल.

तारीख मात्र कॅलेंडर पाहून ठरवून भागत नाही. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात दिवाळीनंतरची भेट ठरवली, तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. विदर्भात कापूसवेचणी चालू असताना कुणी बाई बैठकीला बसणार नाही. लगीनसराई, पेरणी, यात्रा, शाळेच्या परीक्षा, रोहयोचं काम हे सगळं धरून बैठक लावावी लागते, आणि ती कधी सोयीची ते सहभागींनाच विचारावं लागतं. दुपारी दोनची वेळ कार्यकर्त्याच्या सोयीची असते; बायकांना रात्री भांडी झाल्यावरची असते.

बचत गटांकडून इथे खूप शिकता येईल. त्यांची पंचसूत्री गावागावांतल्या बायकांना तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. बैठक पहिली आहे, पैसा नंतर. बैठकीत हजेरी होते, हिशेब मोठ्याने वाचला जातो, गैरहजर बाईची चौकशी होते. ही चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे, आपण नसल्याची नोंद कुणीतरी घेतली याचा तो दिलासा असतो. एखाद्या शिबिराचा विषय आरोग्य असो की बियाणं की वाचनालय, गावात नीट चालणारा गट असेल तर त्याच्याच बैठकीत पंधरा मिनिटं मागून घ्यावीत. प्रत्येक शिबिरामागे नवी समिती काढायची हौस टाळलेली बरी. त्याच चार बायका सात समित्यांवर असतात आणि दमून जातात.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दलही थोडं. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्याचं काम ठरवून द्यावं. दर रविवारी प्रत्येकाने आपल्या कामाचा एक फोटो आणि एक अडचण टाकायची, संयोजकाने सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं. तुंबलेल्या खड्ड्याचा फोटो टाकणाऱ्याचं आधी कौतुक करायचं, कारण अपयश दाखवायला धीर लागतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना कुणीतरी प्रत्यक्ष फोन लावायचा. अशा कामात बहुधा सगळ्यात गरीब आणि सगळ्यात गरजू सहभागी याच यादीत असतात.

आणि शेवटी पैसा. शिबिराचा मंडप, जेवण, फाइली, पाहुण्यांचा प्रवास यांना अंदाजपत्रकात सहज जागा मिळते. नंतरच्या भेटींचा डिझेलखर्च आणि कार्यकर्त्याचे दिवस मात्र कुठेच नसतात. अहवालात "120 महिलांना प्रशिक्षण" हा आकडा लगेच भरता येतो. सहा महिन्यांनी त्यांपैकी किती जणी ते काम करत आहेत, हा रकाना बहुतेक नमुन्यांत नसतोच. देणगीदार विचारत नाहीत, म्हणून संस्था सांगत नाहीत. संस्था सांगत नाहीत, म्हणून देणगीदारांना गरज कळत नाही. हे चक्र कुठून तरी तोडायला हवं. माझी स्पष्ट सूचना आहे: पैसे तेवढेच असतील तर शंभर जणांऐवजी चाळीस जणांचं शिबिर घ्या आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षभराच्या भेटींसाठी बाजूला ठेवा.

तुम्ही येत्या उन्हाळ्यात एखादं शिबिर आखत असाल, मग ते पाण्याचं असो, किशोरींच्या आरोग्याचं असो की ग्रामसभेचं, तर निमंत्रणपत्रिका छापण्याआधी पुढच्या तीन भेटींच्या तारखा आणि त्या भेटींना जाणाऱ्या माणसाचं नाव नक्की करा. ते दोन्ही पत्रिकेवर छापा. आणि ठरलेल्या दिवशी पाऊस असला, एसटी बंद असली, गावात चारच माणसं जमणार असली, तरी जा.